चोचीत किती, खाली किती?

जानेवारीतली सकाळ. काशीच्या दशाश्वमेध घाटावरून नाव सुटली आणि काठ पुरता सुटायच्या आत दुसरी नाव खेटून आली. तिच्यात बारीक शेवेच्या पाकिटांची रास. आमच्यातल्या एका काकूंनी चार पाकिटं घेतली. मल्लाहानं ‘आओ, आओ’ अशी लांब हाळी दिली आणि पांढरा थवा डोक्यावर आला. मुठीमागून मूठ उडाली, फोटो निघाले. मी पाण्याकडे बघत होतो. थोडी शेव पक्ष्यांनी वरच्या वर झेलली, थोडी पाण्यावर बसून टिपली. उरलेली फुगली, तेलाचा तवंग सोडत वाहत गेली. मागोमाग रिकामं पाकीटही गेलं.

याला तिथं पुण्य म्हणतात. माझ्या मते ही निव्वळ नासाडी आहे.

मल्लाह या पक्ष्यांना सायबेरियन म्हणतात. ते कुरव. काही काळ्या डोक्याचे, काही तपकिरी डोक्याचे. हिवाळ्यात डोक्याचा रंग उतरतो आणि डोळ्यामागे तेवढा काळा ठिपका उरतो. मासे आणि किडे हे त्यांचं खाणं. परतीचा लांबचा प्रवास ज्याला करायचाय, त्याच्या पोटात आपण मीठ, तेल आणि बेसन भरतो. जे चोचीत गेलं ते बाधणार, जे खाली पडलं ते गंगेला बाधणार.

माझ्या मामीनं हे चालू दिलं नसतं. तिच्याकडे आठ-दहा कोंबड्या असायच्या. तांदळाची कणी ती करवंटीनं मोजून टाकायची आणि टाकली की जागची हलायची नाही. शेवटचा दाणा टिपला जाईपर्यंत उभी. संध्याकाळी खुराड्यात कोंडताना एकेकीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपायची. भरलेली लागली की आत सोडायची, रिकामी लागली तर तिच्यापुरती वेगळी मूठ काढायची. कोंबडीला किती मिळालं हे तिच्या हाताला कळायचं.

आता हौसेनं अंगणात, फार्महाउसवर कोंबड्या पाळणारे वाढलेत. आनंद आहे. पण भांडं काठोकाठ भरून ठेवायचं आणि दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही, ही त्यांची रीत मला बघवत नाही. कोंबडी भांड्यात चोच घालते, भरडा बाजूला सारते आणि आवडीचा मक्याचा तुकडा तेवढा उचलते. सारलेला भरडा खाली पडतो, विष्ठेत मिसळतो. रात्री त्यावर उंदीर येतात. ओल लागली की बुरशी धरते, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कोंबडीचं यकृत पोखरतं. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. म्हणजे दहा कोंबड्यांना सव्वा किलोच्या आतच. तुमचं पोतं या हिशेबाहून लवकर संपत असेल तर उरलेलं कुणी खाल्लं, ते भांड्याखाली वाकून बघा.

उपाय बिनखर्चाचे आहेत. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असं टांगा. पिल्लं वाढतील तसं वर घ्या. काठ आत वळलेला असेल तर उत्तम. रात्री भांडं उचलून ठेवा. भरडा ओला करून दिलात तर लगेच संपेल तेवढाच करा. कोंबडीपालनाच्या खर्चात ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा असतो. तो मातीत घालवू नका.

पुन्हा काशीकडे वळू. दशाश्वमेधाला लागूनच अहिल्याबाई घाट आहे. त्या अहिल्याबाई होळकरांबद्दल जॉन माल्कमनं १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात एक गोष्ट नोंदवली आहे. शेतकरी पिकावरची पाखरं हाकलतात, आणि ते त्यांचं बरोबरच आहे, असं बाई म्हणत. म्हणून त्यांनी शेतंच विकत घेतली आणि पाखरांसाठी मोकळी सोडली. पाखरांना त्यांचंच अन्न मिळालं, शेतकऱ्याचं नुकसान टळलं. दान द्यायचं तर असा विचार करून द्यावं.

म्हणून काशीला जाणाऱ्यांना सांगणं आहे. शेवेचं पाकीट घेऊ नका. विकणाऱ्याच्या पोटावर पाय नको असेल तर पाकिटाचे पैसे त्याच्या हातावर ठेवा आणि शेव त्यालाच परत करा. मग मल्लाहाला म्हणा, भैया, जरा वल्ही थांबवा. नाव स्थिर झाली की कुरव पाण्यावर सूर मारतो, मासा उचलतो आणि वर जातो. पाण्यावर मागे काही उरत नाही.