ओटीपी सांग रे!

भाच्याचं जावळ माझ्या मांडीवर निघालं होतं. त्याच्या लग्नातही मामा म्हणून मीच उभा राहणार. या दोन संस्कारांच्या मधे सरकारने आता तिसरा घातला आहे : इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म. २०२५ च्या जुलैअखेरीस बहिणीचा फोन आला, "दादा, उद्या शेवटचा दिवस आहे, तू पाहिजेसच." जळगावहून निघालो, एरंडोल, पारोळा करत धुळ्यात, देवपुरात पोचलो.

घरात सोयरीक जुळवायला बसावी तशी बैठक भरलेली. मधोमध लॅपटॉप. लॅपटॉपमागे तासाच्या बोलीवर आणलेला सायबर कॅफेवाला. त्याच्या उजवीकडे दाजी, डावीकडे दाजींचे थोरले भाऊ आप्पा, समोर शेजारचे काका. या काकांचा मुलगा हिंजवडीत आहे. तो तिथे काय करतो हे त्यांना नेमकं सांगता येत नाही, पण या विषयात त्यांच्या शब्दाला वजन आहे. ज्याचा प्रवेश होता तो दाराजवळ, चपलांच्या शेजारी मोबाईल धरून बसलेला. त्याच्याकडे एकच खातं होतं. दर थोड्या वेळाने आप्पा हाक मारत, "पोऱ्या, ओटीपी सांग रे!" आणि तो सहा आकडे सांगे.

पोराला सीईटीत ९१ पर्सेंटाईल. हा पर्सेंटाईल खान्देशात आल्यापासून टक्केवारीची इज्जत गेली. लग्नात पंगतीला कुणी विचारतं, "पोऱ्याले कितला पडनात?" बाप सांगतो, "एक्क्याण्णव." पुढचा म्हणतो, "मंग पेढा?" पेढा दिलाही जातो. आता हिशेब बघा. पीसीएम गटात त्या वर्षी चार लाखांवर पोरं बसली. एक्क्याण्णव पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली नऊ पुढे, म्हणजे एकूण छत्तीस हजारांहून जास्त पुढे. हे कळूनही ज्याच्या तोंडातला पेढा गोड राहतो तो खरा खान्देशी. पेपर अनेक सत्रांत होतो, प्रत्येक सत्राचे प्रश्न वेगळे, कुणाला सोपे, कुणाला अवघड. म्हणून गुणांऐवजी हा तराजू. तराजूवाल्यांचंही कधीकधी चुकतं. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या पन्नासपैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. सत्तावीस हजारांवर पोरांना ५ मेला पुन्हा बसवलं. पेपर काढणाऱ्यांचा पर्सेंटाईल मात्र जाहीर झाला नाही.

या एक्क्याण्णवासाठी दोन वर्षं गेली. अकरावी-बारावी 'इंटिग्रेटेड' केलेली. म्हणजे पटावर पोरगं एका गावात आणि बाकावर दुसऱ्या गावात. एकाच वेळी दोन ठिकाणी दिसणाऱ्याला पूर्वी योगी म्हणत, आता टाय-अप म्हणतात. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालच्या पोरांना घेऊ नका, रँकची हमी देऊ नका. सूचना छान आहेत. आमच्याकडे फलक त्याहून मोठे आहेत. चौकात उभं राहून वर पाहिलं की पासपोर्ट फोटोतली शंभर पोरं एकदम आपल्याकडे बघतात. राहिलेल्या पोरांच्या फीमधूनच तो फलक उभा राहतो, पण त्यांचे फोटो लावायला चौक पुरणार नाही.

तरी अभ्यास हा सोपा भाग. अवघड पेपर बापाचा असतो, आणि त्याला क्लास नाही. अधिवास, नॉन क्रिमीलेयर, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला. मे महिन्यात, बाहेर ४४ अंश असताना, सेतू केंद्रासमोरच्या रांगेत उभा बाप बघा. रसायनशास्त्र पोराने सोडवलं, पण आजोबांच्या आडनावातली वेलांटी आणि वडिलांच्या दाखल्यातली वेलांटी जुळवण्याचं गणित याच्याकडे आलेलं असतं. त्यात निगेटिव्ह मार्किंग आहे. सीईटीत नाही.

कागदांचा विषय निघाला की मला बहिणाबाई आठवतात. ११ ऑगस्ट २०१८ ला आपल्या जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, चांगलं झालं. पण असोद्याच्या या बाईने शाळेची पायरी चढलेली नव्हती. आज त्यांनी स्वतःच्याच विद्यापीठात प्रवेश मागितला तर खिडकीमागचा माणूस म्हणेल, "आजी, शाळा सोडल्याचा दाखला?" मुळात धरलीच नाही ती सोडणार कुठून? कविता दाखवाव्यात तर त्या लेकाने टिपून ठेवलेल्या, स्वसाक्षांकित नाहीत.

(जाता जाता. आप्पांच्या मुलीला भाच्यापेक्षा जास्त पर्सेंटाईल होते, मागच्या वर्षी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. आप्पा त्यात बसत होते. मुलगी आता घरापासून चालत जाता येईल अशा कॉलेजात बी.कॉम. करते आहे. सरकारने फी माफ केली, पण "इतक्या लांब?" हा प्रश्न माफ करणं सरकारच्या हातात नाही.)

तर पसंतीक्रम. या शब्दाला मी हसलो तेव्हा दाजींना राग आला. अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. पहिले चाळीस आप्पा आणि हिंजवडीचे काका यांनी एकमताने भरले : कॉम्प्युटर, मग आयटी, मग एआय, मग डेटा सायन्स, मग पुन्हा कॉम्प्युटर, दुसऱ्या गावातलं. दाजींनी शिरपूर सुचवलं, कारण जवळ. जळगावचं शासकीय सुचवलं, कारण मामा. मी म्हटलं, "त्याला काय हवंय?" सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वरातीत घोड्याला विचारलंय.

पोरगं चपलांपासून म्हणालं, "सिव्हिल."

शांतता. मग आप्पा : "सिव्हिल? स्कोप कोठे शे त्यामा? गवंडीनं काम!"

हा 'स्कोप' मला आजवर कुणी दाखवलेला नाही. पण तो कुठे नाही हे आमच्याकडे प्रत्येकाला पाठ असतं. एकेकाळी तो डी.एड.मध्ये होता. घरटी एक गुरुजी तयार झाला आणि तो उठून गेला. मग इलेक्ट्रॉनिक्समध्ये होता. आता तो कॉम्प्युटरमध्ये मुक्कामाला आहे, आणि सगळा जिल्हा बोचकं घेऊन त्याच्या मागे.

आप्पांना मी एक गोष्ट सांगितली, त्यांनी ती ऐकली नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. पुण्यातून इंजिनिअर झालेला एक म्हैसूरकडचा तरुण १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागला. सुरुवातीच्याच नेमणुकांतली एक खान्देशात, याच धुळ्याकडे. काम काय, तर पांझरा खोऱ्यात पाटाचं पाणी ओढ्यापलीकडे नेणारा नळांचा सायफन बांधायचा. पावसाळ्याचे दिवस, पूर, मातीचे रस्ते. ते त्याने केलं. विश्वेश्वरय्या त्याचं नाव. १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन होतो, तो त्यांच्या वाढदिवशी. धुळ्यातली कॉलेजंही करतात. फोटोला हार घालतात आणि हार घालणारी निम्मी पोरं कोडिंगच्या क्लासला पळतात. भारतरत्न मिळालेल्या त्या माणसाचं सुरुवातीचं काम या माणसांच्या शेतापासून फार लांब नव्हतं, आणि आप्पांच्या हिशेबी ते गवंड्याचं.

पोराला हे नाव मी सांगायची गरज नव्हती. दाजींची शेती पांझरेकाठी, साक्री तालुक्यात. तिथली फड पद्धत शेकडो वर्षांची : नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, यंदा कुठल्या फडात कुठलं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पाणी सोडायला गावाचा पाटकरी. पंप नाही, वीजबिल नाही, उतारावर सगळा कारभार. लहानपणी हे पोरगं सुट्टीत पाटकऱ्याच्या मागे फिरायचं आणि पाणी चढ न चढता वळतं कसं, असं विचारून आम्हाला भंडावायचं. तेव्हा सगळे कौतुकाने म्हणायचे, "इंजिनिअर होणार!" होतो म्हणाला तर आता सगळ्यांचे चेहरे उतरले.

"कर की सिव्हिल," आप्पांनी उदार होऊन सांगितलं, "टाका कुठेतरी खाली." कॅफेवाल्याने एकशे बाराव्या नंबरला टाकलं.

आता यातली मेख. २०२५ पासून नियम असा की पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तोच घ्यायचा. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला लागला तर तोच, तिसरीत पहिल्या सहांतला. नको म्हणालात तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे यादीत वर जो बसला तो पोराच्या चार वर्षांवर बसला. मुलगी पाहायला गेल्यावर नवऱ्या मुलाला निदान कांदेपोहे तरी मिळतात. इथे आप्पांनी पसंत केलेलं स्थळ, हिंजवडीच्या काकांची मध्यस्थी, आणि संसार भाच्याचा.

रात्री अकराला यादी पुरी झाली. कॅफेवाल्याने बोटं मोडली आणि म्हणाला, "कन्फर्म करतो. एकदा झालं की बदल नाही. ओटीपी?"

"पोऱ्या, ओटीपी सांग रे!"

"आला नाही."

"बघ नीट."

"नाही आला."

खोलीत त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सगळे त्याच्याकडे वळून बसले. दाजी म्हणाले, "भाऊजी, जरा त्याच्या फोनमध्ये बघा बरं." मी चपला ओलांडून त्याच्याजवळ गेलो. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहिलं. सहा आकडे ठळक दिसत होते.

"देवपुरात नेटवर्कचा घोळच आहे," मी म्हटलं.

कॅफेवाल्याने पुन्हा पाठवला. तोही आला. मी फोन पालथा ठेवला आणि बहिणीला चहा टाकायला सांगितलं.