सूर्यवंशी पोरांची बाजू

जानेवारीतली पहाट. जयगडच्या एसटी थांब्यावर अकरावीतला एक मुलगा भिंतीला डोकं टेकून बसलाय. स्वेटरची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली. डब्याच्या पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळलेले, डुलकी लागली तर पिशवी पडू नये म्हणून. खाडीपलीकडे तवसाळचे दिवे अजून विझलेले नाहीत. गाडी येते, तो खिडकी पकडतो आणि जाकादेवी यायच्या आत त्याची मान कलंडलेली असते. रत्नागिरीत सकाळच्या सत्रातल्या पहिल्या तासाला सर त्याला उभा करणार. रात्रभर मोबाइल बघतोस? रविवारी दहापर्यंत लोळला की घरीही तेच, सूर्यवंशी कुठला!

या शब्दाची मला चीड येते. हा मुलगा रोज सूर्याच्या आधी घराबाहेर पडतो. त्याला सूर्यवंशी म्हणायचं कुठल्या तोंडाने?

जरा हिशेब करू. आपलं घड्याळ प्रयागराजजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. जयगड ७३.२ अंशांवर. अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे जयगडचा सूर्य घड्याळाच्या ३७ मिनिटं मागे चालतो. जानेवारीच्या मध्याला तो इथे उगवतो सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. साडेसातचा पहिला तास गाठायला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाणारं पोर त्याआधी दोन तास उठलेलं असतं.

आणि हे वय कुठलं? वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ एक-दोन तासांनी पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रक्तात उशिरा उतरतं. नऊला अंथरुणावर घातलं तरी पोर अकरापर्यंत टक्क जागं. मोबाइलने ते आणखी लांबतं, हे खरंच आहे आणि तो रात्री काढूनच घ्यावा. पण मोबाइल नसतानाही सोळा वर्षांच्या मुलांना उशिराच झोप यायची. अकराला झोप लागली आणि पाचला उठवलं की पदरात सहा तास. तेरा ते अठरा या वयाला लागतात आठ ते दहा. तुटते ती पहाटेची, साखरझोप. स्वप्नांची झोप बरीचशी त्याच वेळी असते, आणि दिवसभर शिकलेलं मनात मुरायला झोप पुरी व्हावी लागते. अभ्यास कर म्हणायचं आणि अभ्यास मुरायची वेळच कापायची!

सरकारला हे अजिबात कळलं नाही असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. चांगलं झालं, लहानांनाही झोप हवीच. पण घरात बघा. बालवाडीतलं पोर रविवारीही सहाला उठून घर डोक्यावर घेतं. हलवून हलवून उठत नाही तो दहावीतला दादा. ज्याला पहाट सोपी त्याला नऊ वाजता, आणि ज्याला ती जड जाते त्याला पुन्हा साडेसातच. आमच्याकडे तर हे आणखी उलटं. थांब्यावरचा तो मुलगा सातवीपर्यंत वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत साडेदहाला, जेवून, चालत जायचा. झोप वैऱ्यासारखी वागायला लागली त्याच वयात आपण त्याला पहाटेच्या गाडीत कोंबला.

वेळ उशिराची केली तर पोरं आणखी उशिरा झोपतील, असं लोक म्हणतात. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ सात पन्नासवरून पावणेनऊवर नेली. मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून झोप मोजली, तर ती रोज ३४ मिनिटांनी वाढलेली. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून कायदाच आहे, हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही.

आणि वेळ हलत नाही हे जयगडला कुणी सांगू नये. इथली भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. तांडेल तिथीची पाऊणपट करतो, चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि त्या हिशेबाने होडी काढतो. दर दिवशी कामाची वेळ बदलणाऱ्या गावाला कॉलेजचा पहिला तास दीड तासाने पुढे नेणं अवघड का वाटावं? कोकणातून ज्या गिरण्यांत माणसं गेली, त्या मुंबईच्या गिरण्यांतही वेळेवरून भांडण झालेलं आहे. जानेवारी १९०६ मध्ये नवी भारतीय वेळ लादली गेली, तेव्हा जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी माग सोडून दगड उचलले. जुना 'मुंबई टाइम' ३९ मिनिटं मागे होता, आणि शहरात तो १९५५ पर्यंत टिकला. त्या कामगारांनी आपली सकाळ सहजासहजी दिली नव्हती.

मोठ्यांच्या झोपेचंही बोलायला हवं. इथल्या १२०० मेगावॉटच्या वीज प्रकल्पाला रात्र नसते, बंदरालाही नसते. रात्रपाळी कुणाला तरी करावीच लागणार. पण पाळी फिरवायचीच तर सकाळ, दुपार, मग रात्र अशी पुढे फिरवा. उलटी फिरवली की शरीराला ती जास्त जड जाते. आणि रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपला असेल तेव्हा घरच्यांनी मिक्सर लावू नये, शेजाऱ्यांनी हाका मारू नयेत. तीच त्याची रात्र आहे.

मुलांसाठी मागणं एवढंच आहे. आठवी ते बारावीचा पहिला तास नऊच्या पुढे न्या. दोन सत्रांसाठी वर्गखोल्या पुरत नसतील तर दुपारचं सत्र मोठ्यांना द्या आणि सकाळचं पाचवी ते सातवीला. त्यासाठी इमारत बांधावी लागत नाही. एसटीने पहाटेची एक फेरी साडेसातला आणावी. बसमालक कुरकुरतील, क्लासवाले तर नक्कीच. नवीन वेळापत्रकं मेच्या सुट्टीत बनतात. त्याआधीच्या पालकसभेत फी आणि गणवेशाच्या आधी हा विषय घ्या, आणि सभा संध्याकाळी ठेवा. म्हणजे पोरांनाही जागेपणी बोलता येईल.