फित कापण्याजोगा विकास

आमच्या मतदारसंघात विकास झाला का, असं कोणी विचारलं की आम्ही त्याला पाटीपाशी नेऊन उभं करतो. संगमरवरी पाटी असते. वर कामाचं नाव, खाली निधीचं नाव आणि मधोमध आमदार भाऊंचं नाव, कामापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरात. कामाच्या बांधणीबद्दल तक्रारी असतील, पण पाटीबद्दल आजवर एकही नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरकारी माणूस येऊन पाट्यांवर कागद चिकटवतो. तेवढे दिवस आमचा मतदारसंघ अविकसित असतो.

भाऊंच्या हाताशी निधीचे मार्ग बरेच. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा. शिवाय ग्रामविकास खात्याचं २५१५ हे लेखाशीर्ष आहे, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत कामांसाठी. आमच्याकडच्या पोरांना स्वतःचा दहावीचा बैठक क्रमांक आठवत नाही, पण ‘२५१५मधून किती पडले?’ हे ते झोपेतही विचारतात. कामं सुचवतात भाऊ, भाऊंना सुचवतो ठेकेदार आणि गावाला कळतं ते नारळ फुटल्यावर. ग्रामसभेचा ठराव लागतोच, तोही होतो. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो आणि ग्रामसभा ज्याच्या त्याच्या ओट्यावर शांततेत पार पडते.

आधी रस्त्यांचं बघू. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट भागात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा, हा तिचा मूळ हिशेब. आमच्या एका वाडीत जनगणनेप्रमाणे माणसं जरा कमी पडली. भाऊंनी धीर दिला, “थांबा, लोकसंख्या वाढेल.” रस्ता नाही म्हणून तरुण पोरं पुण्याला गेली, रस्ता नाही म्हणून उरलेल्यांना कोणी मुली देईना. लोकसंख्या अजून वाढतेच आहे, पुण्याची.

जिथे रस्ता झाला तिथे पुढची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे, असं योजनेच्या फलकावर वर्षवार रकमांसकट लिहिलेलं असतं. फलक वाचायला गाडी थांबवावी लागत नाही, ती खड्ड्यात आपोआप थांबते.

पण खरी करामत दळणवळणाच्या पुढच्या टप्प्यात आहे. डांबरीकरण झालं, फित कापली. मग जलजीवन मिशनची पाइपलाइन आली. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं, अशी ही २०१९ची योजना. तिच्यासाठी नवा रस्ता कडेने उकरला. उकरताना जेसीबीच्या दाताला भारतनेटची केबल लागली. ग्रामपंचायतींना इंटरनेटने जोडायची ही योजना २०११ साली दुसऱ्या नावाने मंजूर झाली होती. ती आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत पोचली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. आता केबल जोडायला पुन्हा खोदावं लागलं, तेव्हा पाइप फुटला. पाणी रस्त्यावर आलं, रस्ता वाहून गेला आणि त्याच रस्त्याच्या खडीकरणाचं नवं अंदाजपत्रक मंजूर झालं. तीन योजना, एकच चर. इंटरनेट मात्र कपाटातच राहिलं, म्हणून दाखल्यासाठी आलेल्या माणसाला ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्राचा चालक सांगतो, “तात्या, जरा गच्चीवर चला, ओटीपी तिथेच येतो.”

सामुदायिक सुविधांमध्ये भाऊंचा हात कोणी धरू शकणार नाही. खासदार निधीतून प्रार्थनास्थळाचं काम करता येत नाही, असा नियम आहे. भाऊंचा आणि खासदारांचा या नियमावर पूर्ण विश्वास. म्हणून देवळाच्या भिंतीपासून दोन हात अंतर सोडून ‘बहुउद्देशीय सभागृह’ उभं राहिलं. पहिला उद्देश काकडा, दुसरा हरिनाम सप्ताह, तिसरा महाप्रसाद. चौथा उद्देश म्हणजे एका कार्यकर्त्याच्या सोयाबीनची पोती. किल्लीही त्याच्याकडेच.

फाट्यावर एसटीसाठी पिकअप शेड बांधली. शेड आली त्या वर्षी मुक्कामाची गाडी बंद झाली. तरीही शेड रिकामी नसते. सकाळी पेपरवाचन, दुपारी पत्ते, संध्याकाळी राजकारण. ओपन जिमच्या सायकलवर बायका गोधड्या वाळत घालतात. अभ्यासिका झाली, पुस्तकांची तरतूद पुढच्या टप्प्यात. चौकात हायमास्ट दिवा लागला. तो उभारायला निधी होता, बिल भरायला नाही. बिल ग्रामपंचायतीचं आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी थकलेली. निवडणुकीच्या तोंडावर घरपट्टी वसूल करू नका, असा प्रेमळ निरोप भाऊंकडूनच आलेला. वीज तोडली गेली. अंधारात खांब दिसत नाही म्हणून एकाने त्यालाच मोटारसायकल धडकवली.

उद्योगाचं म्हणाल तर एमआयडीसी येणार, हे भाऊंनी निवडून येण्याआधी सांगितलं होतं, निवडून आल्यावरही सांगितलं आणि पुढेही सांगतील. त्या बाबतीत ते शब्दाचे पक्के आहेत. बचत गटांच्या बायकांसाठी उद्योजकता मेळावा झाला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं, असं साहेबांनी माइकवर समजावलं. एक मावशी म्हणाल्या, “पस्तीस टक्के म्हणजे पास की हो!” पास झालो तरी दाखला बँकेने द्यायचा असतो. बँकेने आधी तारण मागितलं, मग जामीनदार, मग मागची तीन वर्षांची उलाढाल. मसाल्याचा धंदा अजून सुरूच व्हायचा होता. मावशी घरी जाऊन पुन्हा पाट्यावर मिरच्या वाटू लागल्या. मेळाव्यात त्यांना मिळालेलं प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट केलेलं आहे.

तरीही तालुक्यात उद्योग वाढला नाही, असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. फ्लेक्सवाले चार झाले. मंडपवाले, डीजेवाले, शाल-श्रीफळवाले, जेसीबीवाले यांची चलती आहे. जो कार्यकर्ता काल भाऊंच्या गाडीमागे पळत होता, तो आज शासकीय ठेकेदार आहे. काम मोठं असलं तर त्याचे तुकडे करून ई-निविदेच्या मर्यादेखाली आणण्याचं कसब त्याने कुठल्याही मेळाव्यात न जाता आत्मसात केलं. गाव चालवायला मिळतं त्यापेक्षा गाव बांधायला जास्त मिळतं, एवढं साधं अर्थशास्त्र त्याला कळलं आणि भाऊंना ते आधीपासूनच ठाऊक होतं. दिवा लावला की फोटो छापून येतो. दिव्याचं बिल भरलं तर कोण फोटो काढणार?

गावाला या व्यवहारातली मेख उशिरा उमगली. मागच्या ग्रामसभेत, म्हणजे खरोखर देवळासमोर बसून झालेल्या सभेत, एका म्हातारबांनी तोडगा काढला आणि तो एकमताने मंजूर झाला. यापुढे भाऊंकडे नवं काम मागायचंच नाही, फक्त शुभारंभ मागायचे. हायमास्टच्या बल्ब बदलाचा शुभारंभ, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह घट्ट करण्याचा भव्य सोहळा, सभागृहातली सोयाबीनची पोती हलवण्याचा लोकार्पण समारंभ, थकीत वीजबिल भरण्याचं भूमिपूजन. प्रत्येकाला वेगळी पाटी आणि पाटीवर भाऊंचं नाव हवं तेवढं मोठं.

फित आणि नारळ गाव वर्गणीतून आणेल. भाऊंनी फक्त पाना घेऊन यायचं आहे.