शिवारातला ध्वनिपारखी

बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्णे आणि निमगाव केतकी यांच्या दरम्यान लागणारे शेळगाव आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारी आसपासची गावे यांच्या समाजरचनेचा विचार करताना सरपंच, सोसायटीचा चेअरमन, उसाची नोंद घेणारा कारखान्याचा चिटबॉय, भजनी मंडळाचा म्होरक्या अशा मान्यताप्राप्त पदांची दखल सहज घेतली जाते; परंतु ज्याच्या सल्ल्यावाचून या पट्ट्यात गाणे वाजवणारी एकही वस्तू विकत घेतली जात नाही, त्या ध्वनिपारख्याची नोंद ना ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडते, ना समाजशास्त्राच्या ग्रंथात. रेडिओ, मेमरी कार्डावर चालणारा स्पीकर, गळ्यात अडकवायचा नेकबँड आणि कानात घालायचे बड्स यांपैकी कोणती वस्तू कोणी घ्यावी हे ठरवण्याचा अधिकार ज्याला कोणी दिलेला नाही आणि ज्याच्याकडून तो कोणाला काढूनही घेता आलेला नाही, असा पन्नाशीच्या अलीकडचा-पलीकडचा गृहस्थ म्हणजे ध्वनिपारखी होय. घरोघरी त्याचे नाव वेगळे असले तरी हाक मात्र एकच असते, ती म्हणजे ‘तात्या’.

तात्याची परीक्षणपद्धती ही काष्टीच्या बाजारात बैल पाहण्याच्या पद्धतीवरून थेट बेतलेली आहे. तो वस्तूला प्रथम हात लावत नाही, तर तिच्याभोवती एक फेरी मारतो. मग ती उचलून तळहातावर वजन जोखतो, कारण ज्याला वजन नाही त्यात लोहचुंबक नाही आणि ज्यात लोहचुंबक नाही त्याला आवाज नाही, हा त्याचा पहिला सिद्धांत आहे. (या सिद्धांतात तथ्य अगदीच नाही असे नाही, स्पीकरचा पडदा हलतो तो चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळल्यामुळे, आणि चुंबक दुबळे असेल तर पडदाही मरगळल्यासारखा हलतो. मात्र वजन वाढवण्यासाठी डब्यात लोखंडाची पट्टी घालून ठेवणाऱ्यांनाही हा सिद्धांत ठाऊक असतो.) त्यानंतर जाळीवर टिचकी, मग बटणांची खटखट आणि सर्वांत शेवटी, जवळजवळ नाइलाज म्हणून, गाणे. ते तो पूर्ण आवाजात लावतो, अर्ध्या मिनिटाने बंद करतो आणि निकाल देतो : ‘फुटतोय.’ आवाज फुटणे याचा शास्त्रीय अर्थ असा की ध्वनिवर्धकाच्या कुवतीपेक्षा जास्त आवाज मागितला गेल्यामुळे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि गायकाच्या गळ्यात नसलेली घरघर श्रोत्याच्या कानात शिरते. पूर्ण आवाजात जवळजवळ प्रत्येक स्वस्त डबा फुटतो, त्यामुळे तात्याचा निकाल सहसा चुकत नाही.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याबाबत त्याची भूमिका मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. टेपरेकॉर्डरच्या काळात खोक्यांवर ‘पीएमपीओ’ नावाचे एक परिमाण छापलेले असे. एखादा संच क्षणाच्या एखाद्या अंशापुरता, आणि तोही कागदावर, किती शक्ती ओकू शकेल याचा तो अंदाज असून त्याला कोणतेही सर्वमान्य मानक नव्हते, आणि म्हणूनच दोन्ही हातांत सहज मावणाऱ्या संचावरही हजारो वॅटचा दावा दिमाखाने झळकत असे. संच सातत्याने किती शक्ती देतो हे सांगणारा ‘आरएमएस’ हा खरा आकडा त्याच्या मानाने इतका किरकोळ निघतो की तो छापणे विक्रेत्याला परवडत नाही. तात्याला हा फरक पाठ आहे, तो तो इतरांना तपशीलवार समजावूनही सांगतो, आणि स्वतः दोन डब्यांतला एक निवडताना मोठा आकडा छापलेलाच निवडतो.

या वर्गाचा उगम आकाशवाणीच्या काळात शोधावा लागतो. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि त्याच्या ७९२ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींनी शेतीविषयक सल्ला, बाजारभाव आणि भक्तिसंगीत असा तिहेरी रतीब जिल्हाभर घातला. रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टातून परवाना काढावा लागत असल्यामुळे संच गावात मोजकेच असत, आणि ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओट्यावर संध्याकाळी बसायला कोणाच्या परवान्याची गरज नसे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइट नावाच्या लोहयुक्त पदार्थाची एक कांडी असते. तिच्यावर गुंडाळलेली तार मध्यम लहरी पकडते, परंतु कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असेल तर आवाज सणसणीत येतो आणि तिचे टोक केंद्राकडे वळले की तो खोल जातो. याचा व्यावहारिक परिणाम असा की बातम्या ऐकू येईनाशा झाल्यावर संच उचलून थोडा फिरवून ठेवणारा मनुष्य चमत्कार करत असल्यासारखा दिसे. आजच्या तात्याचे वडील किंवा चुलते हे असे फिरवणारे होते, आणि विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर ओढताच रेडिओत होणाऱ्या कडकडाटाचे खापर ते वीज मंडळावर फोडत असत, ही परंपराही अखंड राहिली आहे.

पुढे जगात जे घडले त्याला या पट्ट्याने आपल्या पद्धतीने वळण लावले. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. चालता चालता एकट्याने कॅसेट ऐकण्याच्या या पहिल्या यंत्राला हेडफोन जोडण्यासाठी एक नव्हे तर दोन छिद्रे होती आणि ऐकणाऱ्या दोघांना परस्परांशी बोलता यावे म्हणून गाण्याचा आवाज खाली आणणारे नारिंगी बटणही होते, कारण कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना घरी नमुना वापरताना असे आढळले की एकट्याने ऐकत बसलेला मनुष्य शेजारी बसलेल्या पत्नीला असभ्य वाटतो. लोकांना एकट्याने ऐकण्याची चटक लागली तसे दुसरे छिद्र पुढच्या मॉडेलांतून नाहीसे झाले. शेळगावात ही चटक लागली नाही असे म्हणणे धाडसाचे होईल, पण ती रुजली नाही हे निश्चित. येथे जे एकट्याने ऐकले ते ऐकले असे धरलेच जात नाही. नवीन इयरफोन घेऊन पारावर आलेल्या तरुणाच्या कानातले एक बोंडूक दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याच्या कानात असते, आणि गाण्याची डावी बाजू एकाने व उजवी दुसऱ्याने ऐकण्याची ही वाटणी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीपेक्षा पुष्कळच सलोख्याने पार पडते. व्यक्तिगत ध्वनियंत्र या कल्पनेतील ‘व्यक्तिगत’ हा भाग तात्याला मुळातच संशयास्पद वाटतो. वस्तू निवडताना तो घेणाऱ्याला कसे ऐकू येईल हे विचारत नाही. ‘बांधापलीकडं जातोय का?’ हे विचारतो.

एमपी-थ्रीच्या आगमनाने त्याच्या अधिकारक्षेत्रात मोठी भर पडली. मोठ्या आवाजाखाली दबून कानाला जाणवणारच नाहीत असे बारीक ध्वनी वगळून गाण्याचा आकार घटवण्याची ही रीत असून सीडीवर एका सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात तेथे एमपी-थ्रीचे काम १२८ किलोबिटांत भागते; म्हणजे एका मिनिटाला साधारण एक मेगाबाइट, आणि चार जीबीच्या कार्डात पाच-पाच मिनिटांची आठशे गाणी. ॲपल कंपनीने ऑक्टोबर २००१ मध्ये हजार गाणी खिशात मावतात असे सांगून आयपॉड जाहीर केला आणि मे २०२२ मध्ये तो बंद केल्याचे कळवले; या दोन तारखांच्या दरम्यान फाट्यावरच्या मोबाईल दुकानांतून ‘कार्ड भरून देण्याचा’ जो व्यवसाय बहरला, त्यात आयपॉडचे नावही न घेता हजारो गाणी खिशांत गेली. भरलेल्या कार्डाची अंतर्गत रचना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांना लागून वरातीची गाणी, त्यांना लागून एक कीर्तन, कीर्तनाच्या मध्येच तुटलेली एक फाइल आणि त्यानंतर अनाकलनीय भाषेतील एक नृत्यगीत असा तो क्रम असतो, आणि बारीक बटणाच्या स्पीकरला अनुक्रम बदलणे जमत नसल्यामुळे सकाळी देवपूजेच्या वेळी नेमके काय लागेल हे सांगणे कठीण असते. सारेगामा कंपनीने २०१७ साली पाच हजार हिंदी गाणी भरलेला ‘कारवां’ हा जुन्या रेडिओच्या घाटाचा संच आणला तेव्हा चिंचवडला नोकरीला असलेल्या मुलांनी तो गावाकडे आई-वडिलांना भेट दिला; तात्याने मात्र, आपल्याला न विचारता आलेल्या प्रत्येक वस्तूप्रमाणे, त्याचाही निकाल एका वाक्यात लावला : ‘गाणी लई हैत, पर निवडली दुसऱ्यानंच.’

तात्याच्या ज्ञानाचा खरा कस लागतो तो रात्रपाळीच्या पाण्याला. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच येत असल्यामुळे उसाला दारं धरणे, म्हणजे एका वाफ्याचे तोंड बंद करून दुसऱ्याचे उघडत पाणी फिरवणे, हे काम काळोखात करावे लागते. अशा वेळी स्पीकर बांधावर ठेवून फोन खिशात घालून गेलेला शेतकरी ब्लूटूथच्या दहा-एक मीटरच्या टप्प्याबाहेर पडताच गाणे तुटते. मोकळ्या रानात टप्पा थोडा वाढला तरी पुरुषभर उंचीचा पाणीदार ऊस मध्ये आल्यावर तो तितकाच घटतो. हे दुकानदार सांगत नाही, खोक्यावर छापलेले नसते, पण तात्या सांगतो, आणि म्हणून बिनतारी जोडणीपेक्षा कार्ड लावायची खाच त्याला महत्त्वाची वाटते. चिखलाच्या हाताने दाबता येईल असे बटण, स्टार्टरच्या पेटीपर्यंत दिसेल अशी टॉर्च, आणि बॅटरीत साठणारी वीज मोजणारा मिलीअँपिअर-तासांचा आकडा निदान १,२०० असावा, एवढ्या तीन कसोट्यांवर तो जी निवड करतो तिला कोणत्याही ध्वनितज्ज्ञाने नावे ठेवू नयेत. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर वाढल्यापासून रात्री शेतात जाताना मोबाईलवर गाणी वाजवत जावे असा सल्ला वनखातेही देऊ लागले आहे, आणि त्यामुळे तात्याच्या व्यासंगाला शासकीय अधिष्ठान लाभले आहे. बिबट्याला भजन लावावे की लावणी, या प्रश्नावर पारावर दोन तट आहेत. भजनाने तो बसून ऐकेल अशी भीती एका तटाला वाटते.

ऊसतोडीच्या हंगामात हीच चर्चा ट्रॅक्टरवर सरकते. ट्रॉलीला जोडलेल्या भोंग्यांचा आवाज तीन गावे ओलांडतो, आणि यात काव्यगत न्याय असा की २०१६ सालच्या ‘सैराट’ चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले संगीत, उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या दृश्यांसह जगभर फिरून, अखेर दोन ट्रॉल्या उसामागे धापा टाकत भवानीनगरच्या कारखान्याकडे जाताना ऐकू येते. त्या वाद्यवृंदातील व्हायोलिनांपैकी ट्रॅक्टरच्या इंजिनातून नेमके काय वाचते, हे ध्वनिशास्त्राने तपासायला हवे. तात्याच्या मते सगळे वाचते.

नव्या पिढीशी त्याचे बिनसते ते कोडेकवरून. ध्वनीची माहिती बिनतारी पाठवण्यापूर्वी दाबून बारीक करण्याच्या आणि पोचल्यावर उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. ‘एसबीसी’ ही त्यांतली सर्वत्र चालणारी जुनी रीत, तर सोनीची ‘एलडॅक’ सेकंदाला ९९० किलोबिटांपर्यंत मजल मारते. बारामतीला अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या सुट्टीत येऊन हे ऐकवतो तेव्हा तात्या शांतपणे विचारतो, ‘गाणं कितीचं भरलंय?’ आणि गाणे १२८ किलोबिटांचेच असल्याचे निष्पन्न झाल्यावर बारक्या पाटाच्या पाण्यासाठी मोठी पाइपलाइन टाकण्याचा हा खर्च कोणत्या बापाच्या जिवावर, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो. या एका मुद्द्यावर तात्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्याही बिनतोड आहे.

खुरपणीला जाणाऱ्या बायकांनी मात्र त्याचा सल्ला कधीच घेतलेला नाही. त्या फोन रिकाम्या पितळी तांब्यात उभा ठेवतात. तांब्याच्या पोटात आवाज घुमून वर येतो, सरीच्या शेवटापर्यंत पोचतो, त्याला चार्जिंग लागत नाही, आणि दुपारी त्याच तांब्याने पाणीही पिता येते. तात्याने या पद्धतीवर आजवर मत दिलेले नाही.

त्याच्या स्वतःच्या घरी वाजणारी वस्तू कोणती, असा प्रश्न विचारला असता दोन बंद टेप, पट्टा तुटलेला एक नेकबँड आणि परीक्षणासाठी आणून परत न्यायचे राहिलेले इतरांचे तीन डबे दाखवले जातात. स्वतःसाठीची निवड अद्याप चालू असून पुण्याला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीत एकदा जाऊन आल्याशिवाय ती पक्की होणार नाही, आणि दिवाळीनंतर नवे मॉडेल येणार असल्यामुळे दिवाळीपूर्वी जाण्यात अर्थ नाही. दरम्यान गावातली पिकली पाने ऐकायला कमी येऊ लागल्यामुळे त्यांच्यासाठी आणलेली श्रवणयंत्रेही अलीकडे त्याच्याकडे निवडीला येऊ लागली आहेत. ती तो तळहातावर घेऊन वजन जोखतो, खोक्यावर वॅट शोधतो, कार्डाची खाच नाही म्हणून नापसंतीने मान हलवतो, आणि यंत्र आजोबांच्या कानात बसवून झाल्यावर चार पावले मागे सरकून, ते बांधापलीकडे ऐकू जाते का, याची खातरजमा करू लागतो.