दोन वाक्यांचा प्रश्न

पुस्तक कुरिअरने आलं. आत मैत्रिणीची चिठ्ठी : ‘रडलीस की फोन कर.’

आमची मैत्री अकरावीपासूनची. पस्तीस वर्षांत तिने मला काय काय दिलं! मेतकुटाची कृती, एक भला दंतवैद्य, धाकट्यासाठी गणिताच्या बाई. त्यातलं काहीच वाया गेलं नाही. म्हणून एमिली हेन्रीची ‘पीपल वी मीट ऑन व्हेकेशन’ मी डोळे झाकून विश्वास टाकून उघडली. शिवाय गाजावाजा केवढा! २०२१ साली आलेली ही कादंबरी तरुण वाचकांनी डोक्यावर घेतली, २०२६च्या जानेवारीत तिच्यावर नेटफ्लिक्सचा चित्रपटही आला. भाचीने तर मला आधीच पढवून ठेवलं होतं, की हा ‘फ्रेंड्स टू लव्हर्स’ आहे आणि वर ‘स्लो बर्न’ आहे. म्हणजे मंद आचेवरचं प्रकरण. मला मंद आचेचं वावडं नाही. बासुंदीसाठी मी दोन तास गॅसपाशी उभी राहते. फक्त शेवटी पातेल्यात बासुंदी दिसावी, एवढीच अपेक्षा.

गोष्ट अशी. पॉपी बडबडी, भडक कपड्यांची, न्यूयॉर्कला एका प्रवासाच्या मासिकात नोकरी करणारी. अ‍ॅलेक्स खाकी पँटमधला, नीटनेटका, ओहायोतल्या आपल्या गावी शाळेत शिकवणारा. शिकागोच्या विद्यापीठात ओळख झाली, तेव्हापासून दर उन्हाळ्यात दोघांची एक सहल. मग क्रोएशियात ‘काहीतरी’ घडतं आणि दोन वर्षं अबोला. हे ‘काहीतरी’ लेखिका शेकडो पानं पदराखाली झाकून ठेवते. तोवर मी मनातल्या मनात एक अपघात, एक फसवणूक आणि एक पोलीस केस रचून ठेवली होती. निघालं काय ते सांगत नाही, कारण तुम्ही कदाचित वाचाल. पण आमच्या कॉलनीत एवढ्यावरून कुणी दोन दिवससुद्धा अबोला धरला नसता.

मध्येच फोन. ‘‘कुठपर्यंत आलीस गं?’’

‘‘पाम स्प्रिंग्जपर्यंत. एसी बिघडलाय त्यांचा.’’

‘‘आता बघ!’’

बघितलं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला उन्हाळा, भाड्याची खोली, बिघडलेला एसी आणि दोघांमध्ये हळूहळू जवळीक. मी अकोल्याची. आमच्याकडे मे महिन्यात वीज गेली की तीस वर्षं सुखाने संसार केलेली जोडपीसुद्धा एकमेकांपासून चार हात लांब सरकतात. मानेवर ओला पंचा टाकून माणूस एकच गोष्ट बोलतो : ‘‘कूलरमध्ये पाणी भरलं होतं का?’’ त्यामुळे त्या खोलीतला रोमान्स मला कळलाच नाही. मेकॅनिक कधी येतो, याचीच काळजी लागून राहिली.

पण खरी अडचण हवामानाची नव्हतीच. दोघांना एकमेकांबद्दल काय वाटतं, हे मला विसाव्या पानावर कळलं, मैत्रिणीला त्याआधीच कळलं असणार. न कळलेली माणसं दोनच, आणि ती नेमकी एकमेकांची जिवलग. ‘मला तू आवडतोस. तुझं काय?’ या दोन वाक्यांसाठी त्यांनी इतकी वर्षं आणि इतकी विमानाची तिकिटं खर्ची घातली. शेवटाकडे अ‍ॅलेक्स पॉपीला चार खरे शब्द ऐकवतो, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले. पण तोवर पुस्तक संपत आलं होतं.

अशा वेळी मला ‘एमा’ आठवते. जेन ऑस्टेनने ती १८१५ साली छापली. तिथेही मैत्रीतूनच प्रेम आहे. बॉक्स हिलच्या सहलीत एमा सगळ्यांसमोर बिचाऱ्या मिस बेट्सची टर उडवते. भोळी, गरीब, सतत बोलणारी बाई ती. हसायचे ते हसतात. तिचे जुने स्नेही मिस्टर नाइटली मात्र गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या एमाला सुनावतात, की हे तुला शोभलं नाही. परतीच्या वाटेवर एमा रडत राहते. एसी नाही, समुद्र नाही, हातात हात नाही. तरी हा माणूस तिचा कोण आहे, हे आपल्याला त्या क्षणी कळतं. आवडणाऱ्या माणसाला न आवडणारं सांगता येणं, ही माझ्या लेखी मैत्रीची परीक्षा. पॉपी-अ‍ॅलेक्सना मी त्यात काठावर पास केलं, तेही ग्रेस मार्क देऊन.

एवढा निकाल लावून मी फोन उचलला. दोन वाक्यं तयार होती : ‘अगं, मला नाही आवडली. पण तू आठवणीने पाठवलीस, ते आवडलं.’

‘‘रडलीस ना?’’ तिने विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘‘सासूबाई दवाखान्यात होत्या ना, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून वाचली मी. रात्र रात्र. तेवढाच वेळ त्या सलाइनच्या नळीकडे लक्ष जायचं नाही बघ. म्हटलं, तुलाही पाठवावी.’’

सासूबाई गेल्या त्याला तीन महिने झाले होते. ती दवाखान्यातल्या रात्री काय करत होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

‘‘हो गं,’’ मी म्हटलं, ‘‘पाणी आलं डोळ्यांत.’’ आणि ते खोटं नव्हतं.

‘‘माहीतच होतं मला! थांब, तिचीच ‘बुक लव्हर्स’ पाठवते.’’

ती दोन वाक्यं अजून माझ्यापाशीच आहेत. ‘बुक लव्हर्स’ गुरुवारी आली. खूण सध्या बाराव्या पानावर आहे.