फाटकाचा विमा

रायपूरच्या सदर बाजारात विम्याचं नाव काढलं की लोकांना आधी सोनं आठवतं. सराफ्याची गल्लीच ती. त्यामुळे मी विमा उतरवतोय हे कळल्यावर समोरच्या शेठजींनी हळूच विचारलं, "कितना तोला?" म्हटलं, सोनं नाही, मागच्या गल्लीतलं लोखंडी फाटक. शिवाय कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी आणि गच्चीवरचं सोलर. शेठजींनी सुतकी चेहरा करून माझ्यासाठी चहा मागवला.

पण 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी वाचून बघा. १ एप्रिल २०२१ पासून देशभर एकाच साच्यात मिळते आणि मन मोठं आहे तिचं. फाटक, कुंपण, गॅरेज, टाकी, सोलर, सगळं तिने घरातच धरलंय. अगदी सेप्टिक टँकसुद्धा. इतकी माया आमच्या सख्ख्या नातेवाइकांनीही या घरावर केलेली नाही. वगळलीय ती फक्त जमीन. आता सदर बाजारात किंमत असते ती जमिनीलाच. वरचं घर लोक पाडण्यासाठी विकत घेतात. एजंटाने टेप लावून चटईक्षेत्र मोजलं, त्याला बांधकामाच्या दराने गुणलं आणि आकडा सांगितला. आई म्हणाली, "अरे, त्याचं एक शून्य राहिलंय बघ."

आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, अंगावर पडणारं झाड, सगळ्यापासून संरक्षण आहे. क्षेपणास्त्राच्या चाचणीपासूनसुद्धा! "ज्या गल्लीत दुपारी ई-रिक्षा शिरत नाही, तिथे क्षेपणास्त्र शिरणार कुठून?" असं बायकोने विचारलं. मेमधल्या अंधडात पॅनेल उडालं तर पैसे मिळतील, हे ऐकून मात्र तिला जरा बरं वाटलं.

आमच्या फाटकाचा खरा वैरी म्हणजे गल्लीतला सांड. रोज संध्याकाळी येतो आणि डोळे मिटून त्यावर पाठ खाजवतो. फाटक आता नमस्कार केल्यासारखं आत वाकलंय. एजंट म्हणाला, बाहेरून एखादी वस्तू येऊन धडकली तर भरपाई आहे. म्हटलं, सांड ही वस्तू धरायची का? आणि खाजवणं ही धडक का? "वो सर्व्हेअर बतायेगा." रोज थोडं थोडं वाकणं ही झीज, आणि झीज भरून मिळत नाही, एवढं मात्र त्याने छातीठोकपणे सांगितलं. थोडक्यात, सांडाने एकदाच, मनापासून, तारीख-वेळ लिहून घेता येईल अशी धडक द्यायला हवी. त्याला हे समजवायचं कुणी?

चोरीचं तर विचारूच नका. नुसतं फाटक चोरीला गेलं तर या पॉलिसीत काही मिळत नाही. आधी वादळ, पूर, आग असं काही व्हायला हवं, आणि त्यातूनच, सात दिवसांच्या आत, चोरी व्हायला हवी. चोर हवामान खात्याशी सल्लामसलत करून येणारा पाहिजे. आठव्या दिवशी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवणं बरं. दागिनेही आपसूक येत नाहीत, ते वेगळे सांगून घ्यावे लागतात, हे कळताच शेठजींचा उरलासुरला रस संपला.

विमा घ्यायचाच असेल तर माझं ऐका. गच्चीवर "पोराच्या अभ्यासाला" म्हणून एक खोली चढवायचा बेत आपल्याकडे घरोघरी शिजत असतो. अशा बांधकामाने चटईक्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढलं, तर वाढीव भाग आपोआप विम्यात येत नाही. तेव्हा गवंड्याला इसार देण्याआधी कंपनीला लेखी कळवा, जादा हप्ता भरा आणि एन्डोर्समेंटचा कागद हातात घ्या. क्षेपणास्त्राचं मग बघू.