दाजी आणि शेजारची गाडी

कंधारहून लोह्याकडं निघालात आणि पुढं दोन मोटारसायकली शेजारी-शेजारी, एकाच वेगानं, अख्खा रस्ता व्यापून चाललेल्या दिसल्या, तर हॉर्न वाजवू नका. उपयोग नाही. उजवीकडच्या गाडीवर दाजी आहेत आणि त्यांचं वाक्य अजून संपलेलं नाही.

दाजी नेमके कुणाचे दाजी, हे आता शोधणं अवघड आहे. निम्म्या गावानं आपली बहीण त्यांना दिली असावी, इतक्या हक्कानं सगळे त्यांना दाजी म्हणतात. असा एक दाजी आपल्याकडं प्रत्येक गावात असतो. पन्नाशी ओलांडलेली, कानाला रुमाल, पायात रबरी चप्पल, बुडाखाली शंभर सीसीची स्प्लेंडर आणि शेजारी दुसऱ्याची गाडी. ही शेजारची गाडी महत्त्वाची. मागच्या सीटवर माणूस बसवून बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि मागचा नुसता मान हलवतो, ती दिसतही नाही. दाजींना तोंड दिसायला लागतं. म्हणून दोघांनी एकाच गावाला जायचं असलं तरी गाड्या दोन. पेट्रोलचा हिशेब कुणी काढला तर दाजी म्हणतात, "आरं, मग बोलायचं कसं?"

त्यांचे ठरलेले जोडीदार म्हणजे मास्तर. निवृत्त माणूस, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्यामुळं मास्तर डावीकडून, रस्त्याच्या कडेनं चालतात आणि दाजी उजवीकडून, म्हणजे रस्त्याच्या बरोब्बर मधून. ही रचना मास्तरांच्या कानासाठी झालेली आहे. मागून येणाऱ्या काळी-पिवळीवाल्याला हे माहीत नसतं. तो दाजींच्या घरच्या लोकांचा उद्धार करत असतो.

समोरून एसटी आली की बघावं. दाजी हात दाखवत नाहीत, मागं बघत नाहीत. फक्त थ्रॉटल सोडतात, गाडी चार हात मागं पडते, अलगद मास्तरांच्या मागं शिरते, एसटी धुरळा उडवत निघून जाते आणि दाजी पुन्हा उजवीकडून वर येतात. "...तर मी त्याला मनलं, तुझी मोजणी चुकलेली हाय." वाक्य जिथं तुटलं होतं तिथंच जोडलं जातं, मध्ये एक शब्द वाया जात नाही. मास्तर "हूं" म्हणतात. गतिरोधक आला तर दाजी त्याच्यावर स्वल्पविराम घेतात.

दुसऱ्याची गाडी बंद पडली की दाजींची खरी कला दिसते. टाकीतलं पेट्रोल संपून कुणी बिचारा गाडी ढकलत निघालेला असला, की दाजी त्याला आधी गाडीवर बसवतात. मग मागून डाव्या बाजूला येतात, उजवा पाय हळूच उचलून त्याच्या मागच्या फूटरेस्टला लावतात आणि आपली गाडी रेस करतात. झालं टोचन. दोन्ही गाड्या तीसच्या वेगानं निघतात. दाजींचा पाय ताठ, गुडघा जरासा वाकलेला आणि चपलेचा अंगठा त्या लोखंडाला असा घट्ट धरलेला, की जणू पायालाही हात फुटलाय. उजवा पाय असा परक्या गाडीवर अडकला म्हणजे मागचा ब्रेक गेला, हे सांगायला कुणी धजत नाही. पेट्रोल पंप येईपर्यंत त्या माणसाच्या लेकीच्या लग्नाचं, बोअरच्या पाण्याचं आणि भावकीतल्या वादाचं बोलून झालेलं असतं. पंपावर माणूस हात जोडतो. दाजींना मात्र पंप जरा लवकर आला असं वाटतं.

एकट्यानं जाणं त्यांना जमत नाही. कधी वेळ आलीच तर गाडी बहाद्दरपुऱ्यापर्यंत जाते आणि तिथं थांबते. दाजी स्टँडवर गाडी लावून मन्याड नदीकडं बघत बसतात. ओळखीचा, अनोळखी, कुणीही त्या बाजूला निघालेला दिसला की किक.

तर अशा या दाजींना परवा पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर स्पीडवे दाखवलं.

भाच्यानं समजावलं. "मामा, ही मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरची मोटारसायकलींची शर्यत. एका शर्यतीत चार गाड्या, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. गाडी पाचशे सीसीची, मेथॅनॉलवर चालणारी. गिअर एकच. आणि ब्रेक नाहीच."

दाजी म्हणाले, "आपल्या सोसायटीच्या चेअरमनच्या गाडीसारखी. त्याच्यात नवल काय?"

"वळण फक्त डावीकडं. वळताना मागचं चाक बाहेर सरकवत, डावा पाय जमिनीला लावून, गाडी आडवी घसरवत नेतात. त्या बुटाला खालून पोलादाचा तळ असतो."

इथं दाजी आदरानं पुढं सरकले. त्यांनी आपल्या चपलेकडं बघितलं. पोलादाच्या तळाचं त्यांना मनापासून पटलं असावं.

हा खेळ सुरू कुठं झाला, हे भाच्यानं सांगितल्यावर तर दाजींनी मोबाइल हातातच घेतला. ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंड नावाच्या गावी, १५ डिसेंबर १९२३ ला, शेतकी संस्थेच्या प्रदर्शनाच्या मैदानावर, दिव्यांच्या उजेडात झालेल्या शर्यतीपासून याची सुरुवात मानतात. ती भरवणारा जॉनी हॉस्किन्स हा त्या संस्थेचा सचिव. दाजी म्हणाले, "म्हंजे आपली माळेगावची जत्राच की ही! घोडे हायेत, गाढवं हायेत, कुस्त्या हायेत, लाल कंधारीचं प्रदर्शन हाय. ह्येवढंच राहिलंय." मार्गशीर्षात खंडोबाच्या जत्रेत मोटारसायकली आडव्या घसरवायच्या, ही कल्पना त्यांनी संध्याकाळपर्यंत चौघांना सांगितली. सगळ्यांना, अर्थातच, गाडीवरून.

पण खरी गंमत पुढं आहे. भाचा म्हणाला, यात जोड्यांची जागतिक स्पर्धा असते. एका देशाचे दोघं, दुसऱ्या देशाचे दोघं. १९७० साली स्वीडनमधल्या माल्मो गावात जोड्यांचं अधिकृत जगज्जेतेपद पहिल्यांदा झालं, ते न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगर आणि रॉनी मूर यांनी जिंकलं. दोघंही एकेकट्यानं जगज्जेते झालेले. दाजींनी एवढंच विचारलं, "तरीबी जोडीनं आले?" आणि मास्तरांकडं अर्थपूर्ण बघितलं. मास्तर म्हणाले, "हूं."

आता गुणांचा हिशेब. हल्लीच्या जोड्यांच्या स्पर्धेत पहिल्याला चार गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन आणि शेवटच्याला भोपळा. भाचा इंजिनिअर आहे, तो हे आकडे पाठ म्हणावेत तसे म्हणून पुढं निघाला होता. दाजींनी त्याला थांबवलं. बोटांवर मोजलं. "म्हंजे एका जोडीचा एक पहिला आला आन् दुसरा शेवटी राहिला, तर चार. आन् दुसऱ्या जोडीचे दोघं मधी आले, दोन नंबर आन् तीन नंबर, तर पाच."

"हो."

"म्हंजे पहिला आलेला हरला."

भाचा गप्प झाला. त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. तो पहिला येणाऱ्यांच्या शाळेत शिकलेला.

दाजी मात्र रंगात आले. आयुष्यात कधीही पहिला न पोचलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या स्पर्धेचा नियम आपल्या बाजूनं उभा दिसला, की दुसरं काय होणार? पटाच्या बैलजोडीचा दाखला निघाला. शंकरपटात वेळ जोडीची लागते, एकट्या बैलाची नाही. एक बैल लई पळणारा आणि दुसरा ओढला जाणारा असला तर जू तिरकं होतं आणि सेकंद वाया जातात. शहाणा माणूस उधळ्या बैल घेत नाही, जोड जमवतो. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. दाजींना हे सगळं तोंडपाठ आहे. "तेवढी सात-आठ वर्षं बैलांची जोडी थांबली व्हती," ते म्हणतात, "आमची नाई थांबली." हा विनोद त्यांचा आवडता आहे. मास्तरांनी तो इतक्यांदा ऐकलाय की ते आता शेवटच्या शब्दाच्या आधीच हसून मोकळे होतात.

भाच्यानं मग २०२४ ची मँचेस्टरची स्पर्धा लावली, ब्रिटनच्या रॉबर्ट लॅम्बर्ट आणि डॅन ब्यूली यांनी जिंकलेली. सुटताना समोर फिती ताणलेल्या असतात. त्या वर उडाल्या की सुटायचं, आधी फितीला धक्का लागला तर दंड. दाजी एकटक बघत होते. जोडीतला एक आतली बाजू धरतो, दुसरा बाहेरून येऊन मागच्यांची वाट अडवतो आणि आपल्या गड्याला पुढं काढतो, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. लोह्याच्या रस्त्यावर ते रोज तेच करतात, फक्त पुढं कुणालाच काढत नाहीत. भाच्यानं हे बोलून दाखवल्यावर दाजी रागावले नाहीत. "काळी-पिवळीवाल्याला नियम समजवा," एवढंच म्हणाले.

स्पर्धा संपली. चहा आला. भाच्याला वाटलं, आता दाजी खूश झाले असतील, जगभर आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून. पण दाजींच्या कपाळाला आठी होती. त्यांनी पुन्हा एकदा चालू करायला लावलं, या वेळी आवाज मोठा करून. इंजिनांचा नुसता गोंगाट. दाजींनी कान मोबाइलला लावला, मग डोळे बारीक करून त्या दोन हेल्मेटांकडं बघितलं.

"ह्या दोघांचं घरी भांडण झालंय का रे?"

"का मामा?"

"चार येढे सोबत मारले. येकानंबी येक शब्द काढला नाई. कामून जायलेत मग जोडीनं?"

भाचा शर्यतीचा वेग सांगू लागला, हेल्मेट सांगू लागला. दाजींचं लक्ष नव्हतं. त्यांनी मास्तरांना खूण केली, दोन्ही गाड्यांना किक बसली आणि लोह्याच्या दिशेनं जाताना दाजी त्या विलायती मुलांच्या आईबापांविषयी काय काय सांगत होते, ते मागं अडकलेल्या एका टेम्पोवाल्यानं सगळं ऐकलं.